फवारणी, शेतमजूर आणि कर्करोग : एक अभ्यास

बुलडाणा जिल्हा हा मुख्यत: कोरडवाहू शेतीचा जिल्हा आहे. घाटाखाली खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद या बाजूला कपाशी आणि घाटावर चिखली, मेहकर, लोणार या बाजूला सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके होत. देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागात अलीकडे शेडनेटमध्ये भाजीपाल्याच्या बियाण्याचे उत्पादनही मोठ्या प्रमाणावर होऊ लागले आहे. पिके वेगवेगळी असली तरी या सर्व शेतांत एक काम समान आहे, ते म्हणजे कीटकनाशकाची फवारणी. हे काम करणारा माणूस पुष्कळदा शेताचा मालक नसतो. तो रोजाने किंवा पंपाप्रमाणे पैसे घेणारा मजूर असतो. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आजही भूमिहीन आहेत व त्यांचे पोट याच कामावर आहे. आज नोकरीत असलेल्या आपल्यापैकी अनेकांचे शिक्षणही आईवडिलांच्या याच मजुरीवर झाले आहे. म्हणून हा विषय स्मरणिकेत मांडावा असे वाटले.

प्रस्तुत लेखक डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. बँकेत कारकुनी करणारा कला शाखेचा पदवीधर आहे. प्रसिद्ध झालेले संशोधन व सरकारी निर्णय वाचून जे समजले, ते सोप्या भाषेत वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

'औषध' हा शब्द

आपल्याकडे कीटकनाशकाला कोणी कीटकनाशक म्हणत नाही. 'औषध मारले', 'औषध आणले', 'औषध फवारायचे आहे' असेच बोलले जाते. कृषी सेवा केंद्रात जाऊनही माणूस 'मावा पडला, औषध द्या' असेच म्हणतो. त्याच डब्यातले द्रव्य पिऊन कोणी जीव दिला तर मात्र गावात 'एन्ड्रीन घेतले' असे म्हणतात. वास्तविक एन्ड्रीनवर आपल्या देशात १९९० सालीच बंदी आली. पण वस्तू गेली तरी तिचे नाव विषाला कायमचे चिकटून राहिले. म्हणजे पोटात गेले तर विष आणि अंगावर पडले तर औषध, अशी आपली समजूत झालेली दिसते. या समजुतीमुळे मजूर उघड्या हाताने डबा कालवतो, नोझल तुंबले तर तोंडाने फुंकतो आणि त्याच हाताने तंबाखू मळून तोंडात टाकतो.

हानीचे दोन प्रकार

या द्रव्यांपासून होणारी हानी दोन प्रकारची आहे. पहिली तात्काळ होणारी. २०१७ च्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांतूनही अशा बातम्या आल्या. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, दिवस उकाड्याचे होते आणि दोन-तीन द्रव्ये एकत्र करून फवारण्याची पद्धत वाढली होती. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही घातली. मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस ही या विषबाधेची लक्षणे त्याच दिवशी दिसतात. त्यामुळे ती कोणाच्याही ध्यानात येते, वर्तमानपत्रात छापून येते आणि मृत्यूची नोंदही होते.

दुसरी हानी सावकाश होणारी आहे. थोडे थोडे द्रव्य दर हंगामात, वर्षानुवर्षे शरीरात जात राहते. त्या दिवशी माणसाला काहीच होत नाही. तो संध्याकाळी घरी येतो, जेवतो, झोपतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो. पंधरा-वीस वर्षांनी त्याच्या मानेत गाठ येते किंवा रक्तात दोष निघतो, तेव्हा या आजाराचा त्या फवारणीशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या हानीविषयी आहे.

कर्करोग आणि काळ

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि हे सर्व एका शिस्तीत चालते. ही शिस्त पेशीतील जनुके सांभाळतात. काही रसायने या जनुकांना इजा करतात, काही शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, तर काही रोगप्रतिकारशक्ती क्षीण करतात. एकदा इजा झाली म्हणजे कर्करोग झालाच असे नाही, कारण शरीर बहुतेक इजा दुरुस्त करते. परंतु इजा वारंवार होत राहिली आणि एखादी दुरुस्तीवाचून राहिली, तर ती पेशी बेशिस्तपणे वाढू लागते. या क्रियेला बहुधा अनेक वर्षे लागतात. विशीत फवारणीला लागलेल्या मुलाचा हिशेब त्याच्या चाळिशी-पन्नाशीत निघू शकतो, तो असा.

संशोधन काय सांगते ?

फ्रान्समधील लिऑन शहरात जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. कोणत्या पदार्थामुळे माणसाला कर्करोग होतो याचे पुरावे तपासून ही संस्था त्या पदार्थांचे गट पाडते. गट १ म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेले पदार्थ, गट २-अ म्हणजे बहुधा होत असावा असे आणि गट २-ब म्हणजे होण्याची शक्यता असलेले. २०१५ साली या संस्थेने लिंडेन हे कीटकनाशक गट १ मध्ये घातले. डीडीटी, मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट हे तणनाशक यांना गट २-अ मध्ये, तर पॅराथिऑन व टू-फोर-डी यांना गट २-ब मध्ये स्थान मिळाले. लिंडेन, मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि ग्लायफोसेट यांच्या बाबतीत विशेष उल्लेख आला तो नॉन-हॉजकिन लिम्फोमा या लसिका ग्रंथींच्या कर्करोगाचा.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे गट पुराव्याचे बळ सांगतात, धोक्याचे माप सांगत नाहीत. गट १ मधील प्रत्येक पदार्थ सारखाच घातक आहे असा त्याचा अर्थ नाही. शिवाय सर्व संस्थांचे एकमत आहे असेही नाही. ग्लायफोसेटबाबत अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने वेगळे मत दिले आहे.

अमेरिकेत आयोवा व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत १९९३ पासून एक मोठा अभ्यास चालू आहे. फवारणी करणारे शेतकरी, त्यांच्या पत्नी व व्यावसायिक फवारणी करणारे अशा सुमारे ८९ हजार लोकांची माहिती त्यात घेतली गेली. या शेतकऱ्यांमध्ये एकंदर कर्करोगाचे प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा कमीच आढळले, कारण ते धूम्रपान कमी करतात. परंतु पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग त्यांच्यात अधिक दिसला, तसेच काही विशिष्ट कीटकनाशकांचा काही विशिष्ट कर्करोगांशी संबंध आढळला. ग्लायफोसेटचा लसिका ग्रंथींच्या कर्करोगाशी मात्र या अभ्यासात संबंध दिसला नाही. गर्भारपणी आईचा कीटकनाशकांशी कामानिमित्त संपर्क येणे आणि बाळाला पुढे रक्ताचा कर्करोग होणे यांत संबंध असल्याचे अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत दिसून आले आहे.

तेव्हा 'फवारणी केली की कर्करोग होतो' असे म्हणणे चुकीचे ठरेल. आपल्याकडे पुरुषांत तोंडाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आहे व त्याचे प्रमुख कारण तंबाखूच आहे. पण 'फवारणीने काही होत नाही' असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. शिवाय अमेरिकेतील शेतकरी पुष्कळदा ट्रॅक्टरच्या बंद केबिनमध्ये बसून फवारतो. आपला मजूर गळका पंप पाठीवर घेऊन ओल्या कपाशीतून चालतो. त्याच्या अंगावर किती पडत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

विष शरीरात कसे शिरते ?

बहुतेकांना वाटते की विष नाकातोंडातून जाते, म्हणून ते तोंडाला रुमाल बांधतात. वास्तविक फवारणी करणाराच्या शरीरात सर्वांत जास्त विष कातडीतून शिरते. पॅराथिऑनबाबत माणसांवर झालेल्या जुन्या प्रयोगांत असे दिसले की कोपरापुढच्या हाताच्या मानाने कपाळाच्या कातडीतून सुमारे चौपट आणि जननेंद्रियाच्या नाजूक कातडीतून जवळजवळ बारापट द्रव्य आत शोषले जाते. पंपाचे झाकण गळते, पाठ भिजते, तो ओघळ कमरेखाली उतरतो. समोरून कपाशीची ओली पाने मांड्यांना घासतात. म्हणजे जेथून विष सर्वांत लवकर शिरते तोच भाग दिवसभर भिजलेला राहतो. घामाने व उन्हाने हे शोषण आणखी वाढते. ओला झालेला रुमाल तर विष नाकापाशी धरूनच ठेवतो.

सर्वांत धोक्याचा क्षण फवारणीचा नसून कालवण्याचा आहे. डब्यातले द्रव्य पाणी न मिसळलेले, पूर्ण तीव्र असते. ते उघड्या हातावर सांडणे म्हणजे फवारा अंगावर उडण्यापेक्षा कितीतरी अधिक विष एकदम कातडीला लागणे होय.

बायकांचा विचार तर कोणी करतच नाही. फवारणी पुरुष करतो म्हणून धोका त्यालाच असे समजले जाते. परंतु पंपाला पाणी आणून देणारी, फवारलेल्या शेतात दुसऱ्याच दिवशी निंदायला किंवा वेचायला जाणारी आणि घरी ते भिजलेले कपडे हाताने धुणारी स्त्रीच असते. शेडनेटमध्ये हवा कोंडलेली असते आणि तेथे फुलांचे परागीकरण हाताने करण्याच्या कामात स्त्रिया तासन्‌तास झाडांना लागूनच असतात.

रंगाचा त्रिकोण अपुरा का ?

प्रत्येक डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी आणि हिरवा म्हणजे सर्वांत कमी विषारी. अक्षर न येणाऱ्या माणसालाही धोका कळावा म्हणून केलेली ही सोय चांगलीच आहे. पण हे रंग तात्काळ विषबाधेच्या मापावर ठरतात. अनेक वर्षांनी काय होईल ते या रंगावरून कळत नाही. मॅलॅथिऑन हे तात्काळ विषबाधेच्या दृष्टीने पुष्कळ सौम्य समजले जाते, तरीही ते वर सांगितलेल्या गट २-अ मध्ये आहे. म्हणून 'लाल नाही ना, मग हातमोजे कशाला' हा विचार सोडून दिला पाहिजे.

कायदा काय म्हणतो ?

१९५८ साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या अन्नामुळे शंभरावर माणसे दगावली. त्यानंतर झालेल्या विचारातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला आणि १९७१ साली त्याचे नियम झाले. फवारणीच्या वेळी वापरायचे संरक्षक कपडे व श्वसनाची साधने यांविषयी त्या नियमांत तरतुदी आहेत. पुढे एकेक द्रव्य बंद होत गेले. शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ मध्ये थांबला, बीएचसी पावडर १९९७ मध्ये बंद झाली. कपाशीवर सर्रास मारले जाणारे एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या आदेशाने थांबले. केरळच्या कासारगोड जिल्ह्यातील काजूच्या बागांवर वर्षानुवर्षे विमानातून झालेल्या त्याच्या फवारणीने तेथील लोकांचे जे हाल झाले, ते त्यामागे होते. २०१८ साली केंद्र सरकारने आणखी १८ कीटकनाशकांवर बंदी जाहीर केली. त्यांपैकी मिथिल पॅराथिऑन, डायझिनॉन, कार्बारिल इत्यादी १२ तात्काळ आणि फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस इत्यादी ६ द्रव्ये २०२० च्या अखेरीपासून बंद झाली. यातली कित्येक नावे आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. जे द्रव्य आज बंद झाले ते काल त्यांच्या अंगावर पडतच होते.

नुकसानभरपाईची बाजू अधिक विचार करण्यासारखी आहे. राज्य शासनाची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे. तीत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा अपघात म्हणून धरली जाते. परंतु ही योजना सातबारावर नाव असलेला खातेदार व त्याच्या कुटुंबातील एक व्यक्ती यांच्यासाठी आहे. भूमिहीन मजुराचे नाव सातबारावर कोठून येणार ? आणि वीस वर्षांनी होणारा कर्करोग तर अपघात या शब्दात बसतच नाही. बँकेतल्या कामाने मला एवढे ठाऊक आहे की पीककर्जाचा अंदाज करताना बियाणे, खत आणि फवारणीचे द्रव्य यांचा खर्च धरला जातो. त्या हिशेबात मजुराच्या हातमोज्यांची ओळ मी कधी पाहिलेली नाही.

फ्रान्समध्ये काय झाले ते या संदर्भात पाहण्यासारखे आहे. तेथे कीटकनाशकांच्या संपर्कात काम केलेल्यांना होणारा नॉन-हॉजकिन लिम्फोमा २०१५ साली आणि प्रोस्टेटचा कर्करोग २०२१ साली शेतीतील व्यावसायिक आजार म्हणून मान्य झाला. म्हणजे तो झालेल्या शेतकऱ्याला व शेतमजुरालाही भरपाई मागता येते. मात्र त्यासाठी दहा वर्षे असे काम केल्याचे दाखवावे लागते. आपल्याकडे उद्या असा नियम झालाच, तर आपला मजूर काय दाखवणार ? त्याने कोणाच्या शेतात, किती वर्षे, काय फवारले याचा एकही कागद त्याच्याजवळ नसतो.

काय करता येईल ?

सर्व फवारणी उद्यापासून बंद करा असे सांगणे सोपे, पण ज्याची चूल तिच्यावर पेटते त्याला ते उपयोगाचे नाही. म्हणून होण्यासारख्या काही गोष्टी येथे देत आहे.

१. डबा कालवताना रबरी हातमोजे घालावेत व काठीने ढवळावे. कापडी हातमोजे घालू नयेत, ते भिजून विष धरून ठेवतात.

२. पंप भरण्यापूर्वी साध्या पाण्याने गळती तपासावी. पाठ आणि पंप यांमध्ये, तसेच कमरेपासून गुडघ्याखालपर्यंत समोरून, प्लास्टिकचा स्वच्छ कागद बांधावा. पूर्ण बाह्यांचा सदरा, फुलपॅन्ट आणि बूट घालावेत.

३. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. डोक्याएवढ्या कपाशीत शिरून फवारणे टाळावे. भर उन्हात काम करू नये.

४. फवारणी संपेपर्यंत तंबाखू, बिडी व खाणेपिणे वर्ज्य समजावे. नोझल तोंडाने फुंकू नये, तारेने किंवा जुन्या ब्रशने साफ करावे.

५. घरी आल्याबरोबर साबणाने आंघोळ करावी. ते कपडे लेकराबाळांच्या कपड्यांत न टाकता वेगळे ठेवावेत आणि ज्याने फवारले त्यानेच, हातमोजे घालून, धुवावेत.

६. गर्भार व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि अठरा वर्षांखालील मुलांनी या कामाला जाऊ नये. रिकाम्या डब्यात तेल, धान्य किंवा पाणी कधीही भरू नये.

७. शेतमालकांनी गरजेपुरतीच फवारणी करावी. पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी केले की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. कामगंध सापळे, पक्षिथांबे यांचा उपयोग अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे करता येतो. एक फवारणी वाचली तर मालकाचा पैसा वाचतो आणि मजुराच्या अंगावर पडणारे विषही तेवढे कमी होते.

८. मजुरीचा दर पंपावर ठरला की मजूर घाई करतो, कारण जितके पंप तितके पैसे. रोजाने दर ठरवावा आणि हातमोजे-बूट मालकाने द्यावेत, असा ठराव गावच्या ग्रामसभेत मांडता येईल.

आजाराची खूण

मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ तीन आठवड्यांहून अधिक राहणे, कारण नसताना ताप येत राहणे व वजन घटणे, रात्री घामाने अंथरूण भिजणे, तोंडातील जखम बरी न होणे, लघवीतून रक्त जाणे, अंगावर मार न लागता काळेनिळे डाग उठणे, यांपैकी काही दिसले तर अंगारे-धुपारे किंवा मेडिकलच्या गोळ्या यांत वेळ न घालवता सरकारी दवाखाना गाठावा. यातले प्रत्येक लक्षण म्हणजे कर्करोगच असे नाही, पण तपासणी झालीच पाहिजे. लवकर सापडलेले अनेक कर्करोग बरे होतात. छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे आणि मुंबईला टाटा रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार यांचा समावेश आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसू नये. रेशनकार्ड व आधारकार्ड आधीच नीट करून ठेवावे.

दवाखान्यात डॉक्टर तंबाखूविषयी विचारतात. फवारणीविषयी त्यांनी विचारले नाही तर आपण होऊन सांगावे आणि ते केसपेपरवर लिहून घेण्याची विनंती करावी.

सुशिक्षितांचे काम

शेवटी एका साध्या कामाची सूचना करतो. दोनशे पानी वही घ्यावी. आपल्या घरातील, भावकीतील जो कोणी फवारणीला जातो त्याच्या नावाने तारीख, शेतमालकाचे नाव, पीक, डब्यावरचे द्रव्याचे नाव, किती पंप मारले व त्या दिवशी काही त्रास झाला काय, एवढ्या सहा गोष्टी लिहाव्यात. डब्यावरचे नाव मोबाईलवर फोटो काढून ठेवले तरी चालेल. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलाने किंवा मुलीने लिहावे. जुन्या माणसांना विचारून मागच्या वर्षांची जी आठवण निघेल तीही लिहून घ्यावी. आपल्या देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली, तीही गावोगाव जाऊन माणसे विचारण्यातूनच उभी राहिली.

ही वही कोणाचा आजार बरा करणार नाही. परंतु आजारी माणसासमोर बसलेल्या डॉक्टरला ती उपयोगी पडेल, उद्या भरपाईचा प्रश्न निघाला तर दाखवायला कागद होईल, आणि रोज नाव लिहिताना आपण काय अंगावर घेत आहोत हे मजुराला स्वत:ला कळेल. आपल्या संस्थेने येत्या खरिपापूर्वी गावोगाव अशा वह्या आणि रबरी हातमोज्यांचे जोड वाटावेत, अशी माझी कार्यकर्त्यांना नम्र विनंती आहे. खर्च फार नाही आणि काम आपल्या आवाक्यातले आहे.